नेट आहे, स्पीडही आहे, तरी गेम अडकतो: गेमिंग राउटरचं लिमिट ताळ्यावर आणताना

‘नेट तं सुरू हाये, मंग गेम काऊन अटकते?’ वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, जिल्हा कोणताही घ्या, तालुक्याच्या गावी केबलवाल्याच्या ऑफिसात थोडा वेळ बसलं की हा प्रश्न कानावर पडतोच. फायबर गावात पोचलं. घरातल्या पोट्ट्यानं हट्ट करून सहा अँटेनांचा, लाल दिव्यांचा गेमिंग राउटर आणला. त्यात बहिणीच्या फोनला वेगाचं लिमिट, बाबांच्या टीव्हीला लिमिट, असं सगळं लावलं आणि तरी रात्री नऊ वाजता बीजीएमआय या गेमचं पिंग, म्हणजे डेटा सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, तीनशे मिलिसेकंदांवर. कधी याच्या उलट होतं: लिमिट लावलं आणि अख्ख्या घराचंच नेट रांगायला लागलं.

दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेकदा जवळजवळ असतं. लिमिट चुकीच्या जागी लागलेलं असतं, नाहीतर चुकीच्या आकड्यावर. ते शोधायचं कसं, ते पुढे क्रमाने सांगतो. डोळ्यांपुढे घर ठेवलंय ते ३० ते १०० एमबीपीएसची लाइन, एक गेमिंग राउटर आणि आठ-दहा फोन, टीव्ही, कॅमेरे असलेलं. राउटर आसुसचा असो, टीपी-लिंकचा की नेटगिअरचा, मेनूतली नावं बदलतात. तपासायची पद्धत तीच राहते.

लिमिट नेमकं करतं काय

ऑनलाइन गेम फार डेटा खात नाही. बीजीएमआय, फ्री फायर मॅक्स, व्हॅलोरंट, काहीही खेळा, प्रत्यक्ष खेळाचा डेटा सहसा १ एमबीपीएसच्याही आत असतो. गेमला हवा असतो वक्तशीरपणा. डेटाची लहान लहान गाठोडी, म्हणजे पॅकेट, सेकंदाला कित्येक वेळा जायला-यायला लागतात, आणि एखादं पाव सेकंद उशिरा पोचलं तरी समोरचा तुम्हाला टिपून मोकळा झालेला असतो.

हा उशीर होतो रांगेमुळे. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या फाटकापुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, आणि मागे अडकलेल्या मोटरसायकलवाल्याचं आत दोन मिनिटांचंच काम असलं तरी त्याला तासभर ताटकळावं लागतं. घरातल्या एका फोनने दिवसभराचे व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेतले की तुमच्या गेमचं पॅकेट असंच मागे अडकतं. ही रांग लागते लाइनच्या सगळ्यात अरुंद जागी, म्हणजे बहुधा कंपनीने दिलेल्या फायबरच्या डब्यात किंवा त्याच्याही पलीकडे. तिथे तुमच्या राउटरचं काही चालत नाही.

म्हणून युक्ती अशी, की राउटरचं लिमिट लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडं कमी ठेवायचं. मग सगळ्यात अरुंद जागा तुमचा राउटर होतो, रांग त्याच्या ताब्यात येते आणि गेमचं पॅकेट पुढे काढणं त्याला जमतं. लिमिट लाइनपेक्षा जास्त ठेवलं तर ते नसल्यासारखंच. क्यूओएस (कोणत्या डेटाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय), अडॅप्टिव्ह क्यूओएस, कंजेशन कंट्रोल, अँटी-बफरब्लोट, अशी नावं काहीही दिली तरी आतलं तत्त्व हेच.

रांगेच्या या फुगण्याला ‘बफरब्लोट’ म्हणतात. जिम गेटिस या अभियंत्याने २०१० च्या सुमारास या दुखण्याकडे जगाचं लक्ष वेधलं, २०१२ मध्ये ‘कोडेल’ नावाची पद्धत आली आणि तिची सुधारित आवृत्ती ‘एफक्यू-कोडेल’ २०१८ मध्ये इंटरनेटच्या मानक दस्तऐवजांमध्ये नोंदली गेली. राउटरच्या मेनूत ‘एफक्यू-कोडेल’ किंवा ‘केक’ हा पर्याय दिसला तर बाकीचे रंगीत पर्याय सोडून तोच निवडा. या पद्धती बारीक, वक्तशीर पॅकेटला आपोआप पुढे काढतात. प्रत्येक गेमचे नियम लिहीत बसावं लागत नाही.

एक भ्रम आधीच काढून टाकू. गेमिंग राउटर मूळ पिंग कमी करत नाही. फायबरमध्ये प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर. तेवढीच तार सरळ टाकली तरी नागपूरहून मुंबईच्या सर्व्हरला जाऊन यायला ७ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात तार सरळ जात नाही, मध्ये कितीतरी यंत्रं लागतात, म्हणून गावात रिकाम्या लाइनवर २५ ते ४० दिसलं तर त्यात बिघाड काही नाही. त्या ३५ चे रात्री ३०० होतात, ते मात्र आटोक्यात आणता येतं.

हात लावण्याआधी

राउटरच्या तळाशी स्टिकरवर त्याच्या सेटिंगच्या पानाचा पत्ता असतो. तिथे जाऊन ‘बॅकअप’ किंवा ‘सेव्ह कॉन्फिगरेशन’ने आत्ताची सेटिंग फाइल म्हणून जपून ठेवा आणि लिमिटच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. लाइन पीपीपीओईवर, म्हणजे युजरनेम-पासवर्डने जोडणी होण्याच्या पद्धतीवर, चालत असेल तर ते दोन्ही कागदावर उतरवा. राउटर रिसेट झाल्यावर ते पुन्हा भरावे लागतात, आणि रविवारी रात्री केबलवाला फोन उचलेलच असं नाही. काही लाइनींना व्हीलॅन नंबरही लागतो; पानावर दिसत असेल तर तोही लिहून घ्या.

पहिली पायरी: सगळी लिमिटं काढून लाइन मोजा

लोक हीच पायरी गाळतात आणि मग पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. क्यूओएस बंद करा, प्रत्येक फोनवरचं लिमिट बंद करा, राउटर एकदा बंद-चालू करा. लॅपटॉप किंवा पीसी लॅन केबलने थेट राउटरला जोडा. वायफायवर मोजलेला आकडा लाइनचा आहे की वायफायचा, हे कळत नाही, म्हणून केबल. घरात पीसीच नसेल तर राउटरपासून दोन-तीन मीटरवर उभं राहून, ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर, बाकी सगळ्यांचे फोन विमान मोडवर टाकून मोजा.

मोजायचं दोनदा: दुपारी आणि रात्री आठ ते दहाच्या मध्ये. डाउनलोड आणि अपलोड दोन्ही. गावाकडच्या लाइनीचा खरा स्वभाव रात्रीच कळतो, कारण एकाच जोडणीवर कितीतरी घरं असतात आणि सगळी एकाच वेळी मालिका, रील, क्रिकेट लावून बसलेली असतात. समजा प्लॅन ४० चा आहे, दुपारी ४१ आणि ४० आले, रात्री नऊला २८ आणि १२. तर राउटरला सांगायचे आकडे आहेत २८ आणि १२. प्लॅनच्या जाहिरातीतला ४० विसरून जायचा. रात्रीच्या आकड्याऐवजी प्लॅनचा आकडा भरल्यामुळे बिघडलेली घरं सगळ्यात जास्त सापडतात. दुपारी सगळं झकास चालतं, रात्री अरुंद जागा पुन्हा बाहेर सरकते आणि राउटर नुसता बघत राहतो.

मोजताना लेटन्सीचे, म्हणजे उशिराचे, आकडेही बघा. फास्ट डॉट कॉमवर ‘शो मोअर इन्फो’ दाबलं की लाइन रिकामी असतानाची आणि भरलेली असतानाची लेटन्सी वेगवेगळी दिसते. ऊकलाच्या स्पीडटेस्टमध्येही डाउनलोड-अपलोडच्या वेळची लेटन्सी येते. रिकामी ३० आणि भरलेली ४० असेल तर तुमच्याकडे रांगेचं दुखणंच नाही. लिमिटच्या नादी लागू नका, सरळ वायफायच्या भागाकडे जा. रिकामी ३० आणि भरलेली ३५० असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

दुसरी पायरी: उशीर घरात की बाहेर

विंडोजवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, सतत पिंग लावा, दुसरीत ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला. सतत चालण्यासाठी पिंगच्या आदेशात डॅश आणि टी हे अक्षर जोडायचं. मग घरातल्या कुणाला तरी मोठा व्हिडिओ अपलोड करायला सांगा.

राउटरचं पिंग १-२ वरच राहिलं आणि बाहेरचं ३०० वर गेलं, तर रांग लाइनवर आहे आणि लिमिटने सुटेल. राउटरचंच पिंग ८०-१०० च्या उड्या मारायला लागलं, तर दोष वायफायचा आहे. क्यूओएस कितीही घासून-पुसून लावलं तरी त्याने हा उशीर जाणार नाही. दोन्ही शांत आणि तरीही गेममध्ये पिंग जास्त असेल, तर गेमने तुम्हाला दूरच्या सर्व्हरवर टाकलंय का ते बघा. सिंगापूर निवडलेलं सापडतं कधीकधी.

तिसरी पायरी: सगळं घर त्याच राउटरमधून जातंय का

फायबर जोडताना कंपनीने दिलेल्या डब्यात बहुधा स्वतःचं वायफाय असतं. घरच्यांचे फोन पहिल्या दिवसापासून त्याच वायफायला जोडलेले. नंतर आलेला गेमिंग राउटर त्या डब्याच्या मागे लागतो. म्हणजे आईचा फोन, टीव्ही, गोठ्यावरचा कॅमेरा सगळे जुन्या डब्यावरून परस्पर बाहेर पडतात, आणि गेमिंग राउटर ज्या एकट्या पीसीला सांभाळतो त्याला सांभाळण्यासारखं काही नसतंच. राउटरच्या यादीत घरातली सगळी उपकरणं दिसत नसतील तर हेच झालंय असं समजा.

साधा उपाय: जुन्या डब्याचं वायफाय बंद करा आणि सगळ्यांना नव्या राउटरवर आणा. नव्या राउटरला जुन्या वायफायचंच नाव आणि पासवर्ड दिला तर कुणाच्या फोनला हात लावावा लागत नाही. घरात वादही होत नाही. त्याहून चांगलं म्हणजे केबलवाल्याला सांगून डबा ब्रिज मोडवर (तो नुसता डेटा पुढे देतो, राउटरचं काम करत नाही) टाकून घ्यायचा, म्हणजे पीपीपीओई थेट गेमिंग राउटरवर चालतं आणि दोन-दोन राउटरचा घोळ संपतो. डब्याला लँडलाइन फोन किंवा टीव्हीचा सेटटॉप जोडलेला असेल तर आधी विचारून घ्या, ब्रिज मोडमध्ये ते बंद पडू शकतात.

गेममध्ये ‘नॅट टाइप स्ट्रिक्ट’ दिसतं, म्हणजे इतर खेळाडूंशी थेट जोडणी होत नाही, ती तक्रार वेगळी आहे, तिचा लिमिटशी संबंध नाही. राउटरच्या वॅन (बाहेरच्या बाजूच्या) पत्त्याची सुरुवात १०० ने आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ च्या मध्ये असेल, तर कंपनीने एकच पत्ता अनेक घरांत वाटलाय. ते घरच्या सेटिंगने सुटत नाही.

चौथी पायरी: चौकटीतलं एकक वाचा

लिमिट लावल्यावर अख्खं घर मेल्यासारखं झालं असेल तर दहातल्या बऱ्याच वेळा दोष इथे सापडतो. काही राउटर, विशेषतः टीपी-लिंकची जुनी मॉडेल, आकडा केबीपीएसमध्ये मागतात. १ एमबीपीएस म्हणजे १००० केबीपीएस. तिथे ‘३०’ लिहिलं तर घराला मिळतात ३० केबीपीएस. व्हॉट्सअॅपचा फोटोही उघडायचा नाही. ३० एमबीपीएस हवे असतील तर ३०००० लिहावं लागतं. उलट एमबीपीएसच्या चौकटीत ३०००० लिहिलं तर लिमिट असून नसल्यासारखं.

दुसरा गोंधळ बिट आणि बाइटचा. स्टीम किंवा ब्राउझर डाउनलोडचा वेग बहुधा मेगाबाइटमध्ये दाखवतात. ८ बिटांचा १ बाइट, म्हणून ४० एमबीपीएसच्या लाइनीवर सेकंदाला ५ मेगाबाइट दिसणं हाच पूर्ण वेग. ‘चाळीसचा प्लॅन आणि पाचच येते’ म्हणून भांडायला गेलेला माणूस परत येताना मान खाली घालून येतो.

जुन्या मेनूत ‘इग्रेस’ म्हणजे अपलोड आणि ‘इनग्रेस’ म्हणजे डाउनलोड. हे उलटसुलट भरले जातात. शिवाय लिमिट सुरू केल्याबरोबर चौकटीत आधीपासूनच एखादा लहान आकडा बसलेला असू शकतो. ‘सेव्ह’ दाबण्याआधी दोन्ही चौकटी डोळ्यांनी वाचा.

पाचवी पायरी: एकच एकूण लिमिट, मग हळूहळू वर

आता लिमिट लावायचं. सुरुवात रात्रीच्या आकड्याच्या ८५ टक्क्यांवर करा: वरच्या उदाहरणात डाउनलोड २४, अपलोड १०. आसुसमध्ये क्यूओएसच्या पानावर बँडविड्थ ‘ऑटोमॅटिक’ऐवजी ‘मॅन्युअल’ करून हे आकडे भरता येतात. नेटगिअरच्या ड्युमाओएस असलेल्या राउटरात आधी लाइनीचा वेग सांगायचा आणि मग टक्क्यांचा स्लायडर. तिथे आधीच २८ भरला असेल तर स्लायडर ८५ वर ठेवा, दोन्हीकडे कपात करू नका. त्याच पानावर हे नियंत्रण ‘कायम’, ‘महत्त्वाचा डेटा दिसला तरच’ किंवा ‘कधीच नाही’ असं निवडता येतं. घरात कॅमेरे असतील तर ‘कायम’ बरं.

पहिलं लक्ष अपलोडकडे द्या. अपलोड राउटरच्या हातातून बाहेर जातं, म्हणून त्याच्यावर पूर्ण ताबा असतो. डाउनलोडचं तसं नाही. ते आधीच लाइनीवरून येऊन दारात पोचलेलं असतं. राउटर फक्त काही पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला ‘हळू’ असं कळवतो. म्हणून डाउनलोडचं लिमिट लाइनीच्या वेगापेक्षा थोडं जास्तच खाली ठेवावं लागतं. गावच्या घरात खरा अपराधी बहुधा अपलोडच असतं. शेतावरचा किंवा अंगणातला कॅमेरा क्लाउडवर रेकॉर्ड करत असेल तर दर्जानुसार एक कॅमेरा १ ते ४ एमबीपीएस सतत खातो. असे तीन कॅमेरे आणि अपलोड १२. एखाद्या फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला की जागा संपली. कॅमेऱ्याचा दर्जा रात्रीपुरता एक पायरी खाली आणणं हा लिमिटपेक्षा स्वस्त उपाय आहे.

आकडे भरले की पुन्हा भरलेल्या लाइनीची लेटन्सी मोजा. ३५० वरून ५०-६० वर आली तर जिंकलात. आता डाउनलोड एक-दोन एमबीपीएसने वाढवत जा. लेटन्सी पुन्हा फुगायला लागली की एक पाऊल मागे या आणि थांबा. मग तसंच अपलोडचं. एका वेळी एकच आकडा बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

प्रत्येक फोनला वेगळं लिमिट लावायच्या भानगडीत शक्यतो पडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बहिणीच्या फोनला २ एमबीपीएसचं कुलूप लावलं की पीसी बंद असतानाही तिचा ऑनलाइन क्लास अडखळतो, आणि मोकळी लाइन वाया जाते. एकूण लिमिट योग्य असेल तर एका गेमिंग उपकरणाला प्राधान्य दिलेलं पुरतं. तिथेही एक बारीक मेख आहे: टीपी-लिंकच्या बऱ्याच राउटरांत प्राधान्य देताना ते कायमचं की एक, दोन, चार तासांसाठी हे निवडावं लागतं. ‘काल चाललं, आज नाही’ याचं उत्तर कधीकधी एवढंच असतं.

लिमिट लावलं तरी लागतच नाही

एखाद्याच उपकरणाला आवरायचं असेल आणि ते आवरत नसेल तर आधी त्याचा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाची ओळख सांगणारा क्रमांक, बघा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला स्वतःचा खरा मॅक पत्ता न सांगता बनावट सांगतात. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला वेगळी नावं असतील तर एकच फोन राउटरला दोन वेगळे फोन वाटतो आणि लिमिट एकावरच बसतं. फोनमध्ये घरच्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘प्रायव्हसी’त फोनचा खरा मॅक निवडा, जुनी नोंद राउटरमधून काढा, नव्याने नियम लावा.

लिमिट आयपी पत्त्यावर लावलं असेल तर तो पत्ता राउटरच्या डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या) यादीत त्या उपकरणाच्या नावे राखून ठेवा. नाहीतर लाइट जाऊन आल्यावर पत्ते बदलतात आणि टीव्हीचं लिमिट तुमच्याच पीसीवर येऊन बसतं. हे प्रत्यक्ष बघायला मिळतं, आणि शोधायला फार वेळ खातं.

मग आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत. काही राउटरांचे नियम फक्त जुन्या आयपीव्ही४ पत्त्यांना ओळखतात. युट्यूबसारख्या सेवा आयपीव्ही६ वरून बिनधास्त पुढे जातात. तात्पुरतं आयपीव्ही६ बंद करून बघा. लिमिट लागलं तर कारण सापडलं. गेस्ट वायफायचं वेगळं लिमिट, पॅरेंटल कंट्रोलमधली वेळ, कंपनीच्या अॅपमधला ‘गेम मोड’ हेही एकमेकांवर कुरघोडी करतात; एका वेळी एकच चालू ठेवा. आणि नियम बदलल्यावर आधीपासून सुरू असलेली डाउनलोडं जुन्याच नियमाने धावू शकतात, म्हणून उपकरण एकदा वायफायवरून तोडून जोडा.

लिमिट जास्त ठेवलं तरी वेग अर्ध्यावर

स्पीडटेस्ट सारखा ९४-९५ वरच अडत असेल तर ते लिमिट नव्हे. मध्ये कुठेतरी १०० एमबीपीएसचं पोर्ट आहे, किंवा लॅन केबलच्या आठपैकी चारच तारा लागलेल्या आहेत. केबल बदलून बघा; दारात किंवा खिडकीत चेपलेली केबल हमखास निघते.

आकडा असा ठरावीक नसून लाइन १०० पेक्षा मोठी असेल आणि क्यूओएस लावल्यावरच वेग पडत असेल, तर राउटरचा प्रोसेसर दमतोय. एरवी हार्डवेअर अॅक्सिलरेशन पॅकेट परस्पर पुढे ढकलतं. क्यूओएसला प्रत्येक पॅकेट तपासावं लागतं, म्हणून बऱ्याच राउटरांत ते अॅक्सिलरेशन बंद होतं. ३०-४० च्या लाइनीवर याचा फरक पडत नाही, ३०० च्या लाइनीवर पडतो. तिथे निवड करावी लागते. माझ्या मते ३०० ची लाइन सहसा भरतच नाही, तेव्हा क्यूओएस बंद ठेवूनही चालतं.

विंडोज २० टक्के बँडविड्थ दाबून ठेवतं, ती सेटिंग शून्य करा, असा एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो राखीव भाग कुणी मागितला नाही तर सगळ्यांना मोकळाच असतो. त्यापेक्षा ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ बघा. ते विंडोजचे अपडेट इतर पीसींना अपलोड करू शकतं. ते बंद केलेलं बरं.

वायफाय, ऊन आणि लाइट

गावात गेमिंग बहुतांश फोनवर होतं, म्हणजे वायफायवर. फोन ५ गिगाहर्ट्झवरच खेळा, २.४ वर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, सगळ्यांची गर्दी. पण मातीच्या किंवा दगडी जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झ पार होत नाही. दोन खोल्या पलीकडे खेळायचं असेल तर केबल ओढून तिथे दुसरा अॅक्सेस पॉइंट लावा.

मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. घरगुती राउटरांच्या माहितीपत्रकात चालण्याचं कमाल तापमान बहुधा ४० अंश लिहिलेलं असतं. टिनाच्या छताखाली, कपाटाच्या वर ठेवलेला राउटर दुपारी अडखळतो, स्वतःच बंद-चालू होतो. खाली, भिंतीपासून मोकळा ठेवा. कुलरच्या ओल्या हवेच्या झोतात मात्र नको.

लाइट जाण्याचा लिमिटशी थेट संबंध आहे. बहुतेक राउटरांत घड्याळाची बॅटरी नसते. लाइट आल्यावर ते इंटरनेटवरून वेळ घेतात. वेळ मिळाली नाही किंवा टाइम झोन भारताचा, म्हणजे साडेपाच तास पुढचा, लावलेला नसला, तर ‘रात्री आठ ते दहा’चं लिमिट भलत्याच वेळी लागतं. राउटरच्या पहिल्या पानावरची वेळ आणि हातातलं घड्याळ जुळवून बघा. मिनी यूपीएस घेताना अॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. १२ व्होल्ट १ अँपिअरच्या यूपीएसवर २ अँपिअर मागणारा गेमिंग राउटर जोडला तर तो जोर पडल्यावर रिस्टार्ट होतो, आणि दोष सेटिंगवर जातो.

लाइनच हलती असेल तर

महिन्याचा डेटा कोटा संपला की कंपनी वेग उतरवते. राउटरात २४ भरलेले आणि लाइन २ वर आलेली, म्हणजे रांग परत बाहेर गेली. भारतात २०२३ पासून ब्रॉडबँडची व्याख्याच किमान २ एमबीपीएस आहे. तेवढ्यावर गेम चालतो, पण त्याच वेळी दुसरं काही चालवायचं नाही. अशा दिवसांसाठी दुसरा, कमी आकड्याचा संच लिहून ठेवा: डाउनलोड १.७, अपलोडही त्याच हिशेबाने.

५जी टॉवरवर किंवा सिमच्या राउटरवर चालणारं नेट मिनिटामिनिटाला वर-खाली होतं. तिथे ठरावीक आकडा नीट बसत नाही. रात्रीच्या सगळ्यात कमी मोजणीच्या जवळ ठेवा, उरलेला वेग सोडून द्यायची तयारी ठेवा. ते नको असेल तर लिमिटच नको, खेळताना घरच्यांना बॅकअप बंद ठेवायला सांगा.

शेवटचे दोन उपाय

सगळं करूनही विचित्रच वागत असेल तर फर्मवेअर (राउटरमधलं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, लाइट जायची शक्यता नसलेल्या वेळी किंवा यूपीएसवर. मग फॅक्टरी रिसेट. त्यानंतर बॅकअपची फाइल लगेच चढवू नका, तिच्यातूनच जुना घोळ परत येतो. पीपीपीओई आणि वायफाय हाताने भरा, एकूण लिमिट लावा, मोजा, आणि मग गरज असेल तेवढेच नियम वाढवा.

लिमिट काढूनही रात्रीचा वेग प्लॅनच्या निम्म्याखाली असेल तर ते काम केबलवाल्याचं. त्याला ‘नेट स्लो हाये’ एवढंच सांगू नका. केबलने मोजलेले दुपारचे आणि रात्रीचे स्पीडटेस्ट तारीख-वेळेसह पाठवा आणि फायबरच्या डब्याच्या पानावरची ऑप्टिकल पॉवर सांगा. ती उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या मध्ये असेल तर ठीक. उणे २७ च्या पलीकडे गेली असेल तर जोड सैल आहे, तार दुमडली आहे किंवा माकडांनी ओढली आहे, आणि ते खांबावर चढूनच दुरुस्त होतं. डब्यावर लाल ‘लॉस’ दिवा असेल तर प्रकाशच पोचत नाही, तिथे तुमच्याकडून करण्यासारखं काही नाही. तक्रार नोंदवली की डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) मागून घ्या. मुदतीत काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर त्याच नंबरवर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते.